रेडीजांच्या गाडीचे दोन सांधे

"पदर नीट खोच. गाडीखाली जातेस, अख्ख्या आळीला दिसतंय," माई ओटीवरून म्हणाल्या.

मी पदर खोचला, अंगणात गोणपाट अंथरलं आणि फियाटच्या पुढच्या चाकामागे आडवी झाले. गाडीचं तोंड जॅकने उचलून खाली जांभ्याचे चिरे लावलेले होते. तेही मीच लावले होते. वर गाडीचं काळं, तेलकट पोट आणि त्यावर खाऱ्या वाऱ्याने चढवलेला गंज. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथे दाराची कडीसुद्धा दोन पावसाळे धड राहत नाही, तिथे गाडीची काय कथा.

अंगणाच्या गडग्यावर, त्या बुटक्या दगडी कुंपणावर, माणसं येऊन बसली होती. रविवार होता, कुणाला कुठे जायचं नव्हतं. रेडीजांची सोडलेली सून नवऱ्याची गाडी खोलते आहे, ही बातमी वरच्या आळीपासून बंदरापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ओटीवर माई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी आमच्या वाणी समाजातले वडीलधारे बाबाशेट तांबट अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होते. आणि आरामखुर्चीत पाय लांब सोडून श्रीरंग. श्रावणापर्यंत माझा नवरा होता. आता कोर्टाचा कागद झाला होता.

"सावकाश होऊ दे," तो चहाची कपबशी हातात घेऊन म्हणाला. "दिवेलागणीपर्यंत मुदत आहे. तोवर माझे आणखी दोन चहा होतील."

गडग्यावरचे हसले. मी नट अडवून धरणाऱ्या स्प्लिट पिनेवर रॉकेल सोडलं आणि ते मुरायची वाट बघत पडून राहिले.

हे कसं घडलं ते सांगायला हवं. त्या दिवशी सकाळी सामानाची वाटणी होती. बाबाशेट मध्ये बसले होते आणि त्यांचा नियम सरळ होता, जे ज्याचं ते त्याचं. माझं शिवणयंत्र, माझी भांडी, पितळी स्टोव्ह, पुस्तकांची पेटी, सगळं एकेक करून ओटीवर आलं. कुणी काही अडवलं नाही. मलाही भांडायचं नव्हतं. तेवढ्यात श्रीरंग म्हणाला, "नेऊ दे सगळं. तिनं या घराला दिलंय तरी काय, की आपण तिचं काही ठेवून घ्यावं? इतकी वर्षं शाळेत दुसऱ्यांची पोरं सांभाळली. घराला एक दिलं नाही."

माई भिंतीकडे बघू लागल्या. बाबाशेटांचा अडकित्ता थांबला. अंगणात दोन-चार माणसं होती, त्यांनीही ऐकलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. राग आला की आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो, हे मला पोरांनी शिकवलं. वर्गात हजेरी घेताना असतो त्या आवाजात मी म्हणाले, "दिलंय. गाडीच्या स्टिअरिंगचे दोन सांधे दिलेत. तेवढेच राहिले. ते घेऊन जाते."

आधी सगळे हसले. पण ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी केळशीच्या उतारावर श्रीरंगने चक्र फिरवलं आणि गाडी सरळच गेली. करवंदीच्या जाळीने अडवली म्हणून वाचलो. पुढच्या दोन्ही चाकांचे सांधे झिजून खिळखिळे झाले होते. तो म्हणाला, काही होत नाही, गाडी मला ओळखते. मी माझ्या मामेभावाकडून पुण्याहून नवे सांधे मागवले, आणि बंदराजवळच्या युसूफभाईंच्या गॅरेजात स्वतः उभं राहून बसवून घेतले. सगळं काम होईपर्यंत मी त्यांना प्रश्न विचारत होते. मास्तरकीची खोड, जिथे जाईन तिथे विचारायचं.

सांधा काय असतो तेही सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. खाली पोलादाची एक गोळी, तिच्या घरात फिरणारी. त्या गोळीतून वर येतो एक खुंटा, गाजरासारखा निमुळता. चाकाच्या मागून एक लोखंडी हात निघतो, त्याला मेकॅनिक लोक आर्म म्हणतात. आर्मच्या टोकाला तसंच निमुळतं भोक असतं. खुंटा त्या भोकात घालून वरून नट आवळला, की दोघं एकमेकांत असे रुततात की मागाहून नट काढला तरी सुटत नाहीत. त्यात गंज मुरला की बघायलाच नको. सांधा माझा होता. आर्म रेडीजांचा होता. आमच्या वाटणीची रेघ नेमकी त्या भोकातून जात होती.

आणि मला ते सांधे का हवे होते, तेही लपवत नाही. दुसऱ्या दिवशी श्रीरंग चिपळूणला मुलगी बघायला जाणार होता. मुलगा स्वतःच्या गाडीने येतोय असा निरोप तिकडे आधीच गेला होता. मी आणलेल्या सांध्यांवर बसून तो दुसरी बायको आणायला निघणार होता, आणि मी म्हणे घराला काही दिलं नव्हतं. ती गाडी उद्या त्या अंगणातून हलता कामा नये, एवढंच मला हवं होतं. असे सांधे दापोलीतही मिळत नसत.

बाबाशेट म्हणाले, जे ज्याचं ते त्याचं, सांधे तिचे असतील तर तिने न्यावेत. श्रीरंगने थोडा विचार केला, मग गालात हसला. "नेऊ दे की. पण माझ्या लोखंडाला धक्का लागता कामा नये. आर्मवर तिच्या हातोड्याचा एक वळ जरी उठला, तरी सांधे इथेच राहतील. आणि दिवेलागण झाली की मुदत संपली."

त्याला गाडीतलं कळायचं. तो का हसला ते मला समजलं. बाबाशेटांनी मला विचारलं, कबूल आहे का. मी म्हणाले, कबूल आहे.

मग मी युसूफभाईंकडे गेले. रेडीज त्यांचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे ते स्वतः येणार नव्हते, आणि मीही तसं म्हटलं नाही. पाने, जॅक आणि एक हातोडा मागितला. त्यांनी हातोडे दोन दिले. मी काही विचारलं नाही.

दुपार चढली तेव्हा मी दोन्हीकडच्या पिना तुकड्या-तुकड्याने काढल्या होत्या आणि नट सैल केले होते. नट पुरते काढले नाहीत, वरच्या आट्यांवर नुसते धरून ठेवले.

"नट ठेवलास ते बरं केलंस," श्रीरंग खुर्चीतून म्हणाला. "नाहीतर उडून तोंडावर बसला असता खुंटा."

"हो का," मी म्हणाले.

मग मी लाकडी ठोकळा घेतला आणि माझ्याच सांध्याच्या डोक्यावर ठोकू लागले. आर्मला ठोकळा लागणार नाही एवढी काळजी घेत होते. सांधा ढिम्म. गडग्यावरचा एक म्हणाला, बाई, त्याला अंगठे धरून उभा करा. दुसरा म्हणाला, त्याच्या आईबापांना चिठ्ठी पाठवा, उद्या भेटायला या म्हणावं. मीही हसले. माईंनी आतून ताक पाठवलं, ते मी परत पाठवलं. त्या घरातलं पाणीसुद्धा त्या दिवशी मला घ्यायचं नव्हतं.

मी ठोकतच राहिले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. श्रीरंगला ते बघवेना. "अगं, आटे बसवशील त्याचे. सरळ वरून मारून ते कधी निघालंय?" मी ऐकलं न ऐकलं केलं. थोड्या वेळाने तो खुर्चीतून उठून पायरीवर येऊन बसला. मी एक दोर आणला, सांध्याला बांधला आणि दुसरं टोक पोफळीला बांधून ताण देऊ लागले. पोफळ वाकली, दोर सुटला, मी मागच्या मागे आपटले. सगळं अंगण हसलं. श्रीरंग मात्र हसला नाही. तो पायरीवरून उठला आणि अनवाणीच अंगणात आला. कमरेवर हात ठेवून माझ्या डोक्याशी उभा राहिला.

"काय करतेस तू?" तो म्हणाला. आवाजात चीड होती, पण ती माझ्यावरची नव्हती. वाईट काम बघून येते ती होती.

"काढतेय," मी म्हणाले.

मग मी ओटीवर ठेवलेल्या माझ्या सामानातून पितळी स्टोव्ह आणला. त्यात रॉकेल भरलं, पिन मारली, पंप केला. निळी ज्योत लागली. तो स्टोव्ह मी गाडीखाली सरकवला, चाकाच्या मागे, आर्मच्या बरोबर खाली.

श्रीरंग वाकून बघत होता, तो ताडकन सरळ झाला. "बाबाशेट, ही गाडी पेटवतेय माझी. टायर जाईल, ब्रेकचा पाइप जाईल."

बाबाशेटांनी मान वर केली. त्यांना डुलकी लागली होती असं सगळ्यांना वाटत होतं. ते म्हणाले, "अट हातोड्याच्या वळाची होती. तूच घातलीस. विस्तवाचं काही ठरलं नव्हतं."

"अहो, पण असं नाही निघत ते."

"मग कसं निघतं?" मी विचारलं.

हा प्रश्न मी जन्मभर विचारत आले आहे. फळ्यावर गणित अर्धवट सोडून, खडू हातात धरून, मान थोडी तिरकी करून. तो त्याला मी त्याच आवाजात विचारला.

"आर्मच्या कुशीत बसला पाहिजे हातोडा. आडवा. भोकाच्या बाजूला. मग ते भोक क्षणभर उघडतं आणि खुंटा सोडतं."

"ते मला मना आहे," मी म्हणाले. "मला हे असंच करायला हवं." आणि स्टोव्हला आणखी पंप मारला.

ज्योत मोठी झाली. गडग्यावरून कुणीतरी म्हणालं, श्रीरंगशेट, तुम्हाला तरी येतं का काढायला, की खुर्चीतूनच? त्यावर बाकीच्यांनी आपापलं मत दिलं. एकाने पैज लावायची तयारी दाखवली. श्रीरंगचे कान लाल झाले. त्याने लेंगा गुडघ्यापर्यंत वर खेचला, स्टोव्ह पायाने बाजूला सारला आणि गोणपाटावर पडलेला हातोडा ओढून घेतला.

"हो बाजूला. बघ जरा, आणि शीक."

मी बाजूला झाले. त्याने दुसरा हातोडा उचलला, माझ्याकडे दिला. "हा समोरून टेकवून धर. घट्ट. हलवू नकोस, नाहीतर मार वाया जातो."

मी बाबाशेटांकडे बघितलं. ते म्हणाले, धरणं म्हणजे मारणं नव्हे.

मी आडवी झाले आणि हातोडा आर्मला टेकवून धरला. तो पलीकडून पालथा पडला. लग्नानंतर आम्ही दोघांनी एकाच वेळी एका वस्तूला असा हात लावल्याचं मला तरी आठवत नाही. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. त्याने नेम धरला आणि मारला. पुन्हा मारला. हात चांगला होता त्याचा, ते मी नाकारणार नाही. तिसऱ्या-चौथ्या घावाला, वाळकी सुपारी अडकित्त्यात फुटावी तसा आवाज आला आणि खुंटा टुणकन खाली बसला. सांधा नटावर लटकत राहिला.

गडग्यावर टाळ्या पडल्या. श्रीरंगने मान बाहेर काढून तिकडे बघितलं. तोंड काळं झालं होतं, दात तेवढे पांढरे.

"असं असतं ते," तो म्हणाला.

"वा," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. पोराने गणित सोडवलं तर वा म्हणायलाच हवं, ते कुणाचं का पोर असेना. मग मी उजव्या चाकाकडे बघून मान हलवली. "पण हा सोपा होता. उजवीकडचा समुद्राच्या बाजूचा. तो फार धरलाय. तो राहू द्या, तुमच्या आवाक्यातला नाही."

"माझ्या?"

"एक निघाला ना, पुरे झालं. एकच नेईन मी."

हे ऐकून माई उठून उभ्या राहिल्या. त्या घरात सगळ्यांत लवकर गोष्टी त्यांना कळायच्या. शेवटच्या दिवशीही तसंच झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं, मग मुलाकडे. "श्रीरंगा, हात धू आणि वर ये."

"थांब गं माई."

"अरे, तू काय करतोयस ते तरी बघ."

"बघतोच आहे. दोन मिनिटं थांब." तो तोवर उजव्या चाकाशी पोचलासुद्धा होता.

एक धक्का अजून हवा होता. वर्गात एखादा मुलगा फळ्यापर्यंत येतो, खडू उचलतो आणि मग मागे वळून आपल्या बाकाकडे बघतो. त्या क्षणी त्याला कसं बोलायचं ते बाईंना ठाऊक असावं लागतं. मी पदराला हात पुसले आणि म्हणाले, "माई, असू दे. त्याला नाही जमायचं. रेडीज, ऊठ तू. जागेवर जाऊन बस."

नवऱ्याला, कागद झालेला का असेना, कुणी आडनावाने आणि अरेतुरेने बोलावलेलं त्या आळीत कुणी ऐकलं नव्हतं. माईंनी तोंडाला पदर लावला. श्रीरंग माझ्याकडे बघत राहिला.

"कुणाशी बोलतेस तू?"

"ज्याला जमतं त्याला मी अहो म्हणते," मी म्हणाले.

बोलण्यापेक्षा हातोडा त्याच्या हाताशी जवळ होता. त्याने मारायला सुरुवात केली. मी समोरून धरून बसले. उजवीकडचा खरोखरच वाईट धरला होता, ते मी उगाच म्हटलं नव्हतं. तो मारत राहिला, थांबला, दम घेतला, पुन्हा मारला. माई वरून मधूनमधून हाक मारून बघायच्या. बाबाशेट सुपारी विसरले होते. शेवटी श्रीरंगने घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्टोव्ह आण तुझा."

मी आणला. पंप मारून दिला. आर्म तापेपर्यंत तो ज्योतीकडे बघत बसला, एखाद्या वैद्याने काढ्याकडे बघावं तसा. मग म्हणाला, धर. मी धरला. त्याने दोन घाव घातले आणि सुपारी फुटली.

सगळे उठून उभे राहिले. कुणी शिट्टी मारली. श्रीरंग गाडीखालून सरपटत बाहेर आला, अंग झटकलं आणि चारी बाजूंना बघितलं. इतका खूश मी त्याला माझ्या अख्ख्या संसारात दोनदाच पाहिला असेन.

"निघाला की नाही?"

"निघाला," मी म्हणाले.

सांध्यांचं दुसरं टोक स्टिअरिंगच्या रॉडवर आट्यांनी बसलेलं असतं. त्यावरून ते फिरवून काढायचं काम माझं, त्याला घाव लागत नाही. ते मी केलं. सांधे पुसले आणि पिशवीत ठेवले. मग शिस्तीने जॅक लावला, चिरे काढून गडग्याशी रचून ठेवले, आणि जॅक हळूहळू खाली सोडला. गाडी टेकली. टेकताना डावं चाक समुद्राकडे वळलं आणि उजवं माजघराकडे. एका माणसाने एकाच वेळी दोन दिशांना बघावं तशी ती गाडी दिसत होती.

श्रीरंग अजून हसत होता. त्याच्या चेहऱ्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. तो चाकांकडे बघत होता, पण बघत होता एवढंच.

"आता उद्या चिपळूणला खांद्यावरून नेणार आहेस का रे ती?" माई म्हणाल्या.

तेव्हा तो थांबला. आधी हातातल्या हातोड्याकडे बघितलं, मग आर्मवर उठलेल्या वळांकडे. ते सगळे त्याच्या हाताचे होते. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याची नजर टाळली नाही. गडग्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू आळीभर गेलं.

युसूफभाईंनी सांधे बसवले तेव्हाच मला सांगितलं होतं, बाई, बसवणं सोपं, काढायचे झाले तर आर्मच्या कुशीत घाव पडलाच पाहिजे, समोरून दुसरा हातोडा आणि खाली थोडी धग, दुसरा इलाज नाही. म्हणजे श्रीरंगने अट घातली त्या क्षणी मला ठाऊक होतं, की हे काम माझ्या हाताने होणारच नाही. माझ्या हातोड्याला ते लोखंड मना होतं. ज्याला मना नव्हतं असा माणूस गावात एकच होता आणि तो खुर्चीत बसून चहा पीत होता. त्याला फक्त तिथून उठवायचं होतं. हट्टी पोराला कामाला लावायची एकच खात्रीची रीत मला येते. त्याच्यासमोर ते काम चुकीचं करत बसायचं, शांतपणे, न थकता. ज्याला येतं त्याला ते सहन होत नाही. तो उठतोच. ब्रेकच्या पाइपाला मी ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं आणि टायरच्या आतल्या अंगाला ओलं गोणपाट. वरून ते दिसत नव्हतं.

निघताना बाबाशेटांना वाकून नमस्कार केला. माईंनाही केला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, पण कुंकवाची डबी पुढे केली, सवयीने. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी हात मागे घेतला. श्रीरंग गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "एक तरी ठेवून जा."

"जे ज्याचं ते त्याचं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो गेला. जावंच लागलं, निरोप गेलेला होता. इतक्या सकाळी आमच्या हर्णैहून चिपळूणला निघालेला एकच टेम्पो मिळाला, मासळीचा. रेशमी सदरा घालून तो सुक्या बोंबलांच्या शेजारी बसून गेला. तिकडे दारात सगळे गाडी बघायला उभे होते. त्याने सांगितलं, दुरुस्तीला टाकलीय. पण टेम्पोचा ड्रायव्हर आदल्या दिवशी आमच्या गडग्यावर बसलेला होता. त्याला बाहेर पायरीवर चहा दिला, आणि त्याने चहाबरोबर सगळी हकिगत सांगितली, घावागणिक. आत मुलीला हसू आवरेना, असं बाबाशेटांनी मला नंतर सांगितलं. ती सोयरीक तिथेच राहिली. पुढे त्याचं लग्न झालं दुसरीकडे, ती गोष्ट निराळी.

नवे सांधे यायला त्याला खूप दिवस लागले. तोवर ती गाडी त्याच अंगणात होती, तशीच, दोन दिशांना बघत. माझी बदली तेव्हा पलीकडच्या गावी झाली होती. एसटी त्या घरावरून जायची. मी रोज समुद्राच्या उलट्या बाजूची खिडकी धरायची, मुद्दाम. गाडी दिसली की दिवस चांगला जायचा. लोक सांगतात की असं समाधान टिकत नाही, मनाला लागून राहतं. माझं टिकलं.

सांधे अजून माझ्याकडे आहेत. ग्रीस लावून ठेवते, त्यामुळे गोळी लोण्यासारखी फिरते. निवृत्त झाल्यापासून आळीतली मुलं घरी शिकायला येतात. शरीराचा धडा आला, की मी एक सांधा काढून त्यांच्या हातात देते. खांद्याचं हाड कसं चहूकडे फिरतं ते चित्रावरून कळत नाही, हे फिरवलं की कळतं. मुलं तो खुंटा गरागरा फिरवतात आणि मग स्वतःचा हात फिरवून बघतात.

यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, हे तुम्ही काढलंत गाडीतून?"

"नाही," मी म्हणाले. "एका मुलाने काढून दिलं."

"हुशार होता?"

"हाताने हुशार होता," मी म्हणाले, आणि तिला पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला.